ठाण्याहून प्रथमच स्लोव्हेनियाला जाताना

तलावांच्या ठाण्यात वाढलेल्यांनी ब्लेड सरोवराची छायाचित्रे काढून लगेच परतू नये. तेथून बसने बोहिन गाठावे आणि त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानातील त्या शांत सरोवराकाठी, मासुंद्याच्या काठी निवांत बसावे तसा, एक संपूर्ण दिवस घालवावा. माझ्या मते या देशातील सर्वांत सुंदर जागा हीच. २,८६४ मीटर उंचीच्या त्रिग्लाव शिखरावर वाटाड्याशिवाय चढू नये, कारण येऊरच्या पायवाटांचा सराव तेथे पुरत नाही. १,६११ मीटरवरील व्हर्शिच घाट हिवाळ्यात बर्फामुळे बहुधा बंद असतो, म्हणून पाचूच्या रंगाच्या सोचा नदीकडे जून ते सप्टेंबरमध्ये जावे. चुनखडीच्या प्रदेशातील पोस्तोयना गुहेत उन्हाळ्यातही तापमान सुमारे १० अंश असते. स्वेटर जवळ ठेवावा. शेंगेन व्हिसाचा अर्ज लवकर करावा.