ऑन-प्रेम ते क्लाउड डीआर: पहिल्या ड्रिलच्या आधी हे वाचा

इन्फ्रा टीममध्ये नवीन आलेल्या पोरांना डीआरचं (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे ऑफिसातले, ऑन-प्रेम सर्व्हर बसले तर क्लाउडमधल्या कॉपीवर काम चालू ठेवायची तयारी) काम दिलं की पहिला प्रश्न ठरलेला, टूल कुठलं घ्यायचं, मायक्रोसॉफ्टचं अझूर साइट रिकव्हरी की अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसचं इलास्टिक डिझास्टर रिकव्हरी. खरं सांगू का, टूल हा यातला सोपा भाग आहे, सर्व्हरवर एजंट (कॉपी पाठवणारा छोटा प्रोग्राम) टाकला, रेप्लिकेशन (डेटाची सतत कॉपी) लावलं, पोर्टलवर हिरवी टिक आली. ती टिक एवढंच सांगते की डिस्कची कॉपी पलीकडे पोचतेय. त्या कॉपीवर उद्या अकाउंट्सवाला लॉगिन करून इनव्हॉइस काढू शकेल का, हे फक्त ड्रिलमध्ये, म्हणजे ती कॉपी खरंच उठवून बघायच्या सरावात, कळतं.

आरपीओ म्हणजे किती वेळाचा डेटा गेला तर चालेल आणि आरटीओ म्हणजे किती वेळात सिस्टिम परत उभी पाहिजे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण बिझनेसवाल्यांना सरळ विचारलं तर दोन्हीचं उत्तर शून्य येतं. म्हणून मी असं विचारतो, महिनाअखेरीला भर दुपारी सिस्टिम बसली तर किती वेळ हाताने काम ढकलाल, आणि सकाळपासूनच्या एंट्र्या परत मारायला माणसं आहेत का? मग खरे आकडे बाहेर येतात.

आता लाइनचा हिशोब, इथे बरेच जण गंडतात. समजा १० टीबी डेटा आणि १०० एमबीपीएसची लाइन, तर पूर्ण लाइन दिली तरी पहिली कॉपी जायला नऊ दिवसांच्या वर लागतात, आणि ऑफिस चालू असताना पूर्ण लाइन देतंय कोण. रोजचा बदल त्याहून फसवा. दिवसाला २०० जीबी म्हणजे सरासरी १९ एमबीपीएससुद्धा नाही, आरामात बसेल असं वाटतं, पण त्यातले १२० जीबी रात्रीच्या बॅचमध्ये दोन तासांत बदलत असतील तर तेवढ्या वेळात लाइनमधून ९० जीबीच जातात, बॅच संपते तेव्हा ३० जीबी रांगेत आणि ती रांग संपायला अजून ४० मिनिटं. १५ मिनिटांचा आरपीओ कागदावरच राहिला. त्यामुळे सरासरीवर जाऊ नका, पीक मोजा, आणि पेजफाइल (विंडोजची तात्पुरती मेमरी फाइल) नि टेम्पडीबी (एसक्यूएल सर्व्हरचा तात्पुरता डेटाबेस) वेगळ्या डिस्कवर टाकून ती डिस्क रेप्लिकेशनमधून वगळा, फुकटचा ट्रॅफिक वाचतो.

पहिली ड्रिल तोडलेल्या नेटवर्कमध्येच करायची, ऑन-प्रेमकडे रस्ता नाही आणि इंटरनेटकडेही नाही. कारण कॉपी उठली की ती स्वतःला खरा सर्व्हर समजते, शेड्युल्ड जॉब वेळ झाली की चालतात, कस्टमरला मेल जातात, बँकेला पेमेंटची फाइल दुसऱ्यांदा जाऊ शकते. आधी एक रिकामं टेस्ट मशीन तिथे उठवून बाहेर काहीच जात नाहीये ना ते बघा, मग बाकीचे. पण नेटवर्क तोडलं की दुसरी गंमत, डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) नाही, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारा) नाही, म्हणून अ‍ॅप्लिकेशन उठत नाही. म्हणजे डोमेन कंट्रोलरची (डीसी) कॉपी त्याच बंद नेटवर्कमध्ये आधी, मग डेटाबेस, मग अ‍ॅप, मग वेब. हा क्रम बहुतेक ठिकाणी दोन-तीन जुन्या लोकांच्या डोक्यात असतो, तो त्यांच्याकडून काढून रनबुकमध्ये (काय कधी करायचं त्याच्या पायऱ्यांची वही) लिहिणं हे नवीन माणसाने मागून घ्यावं असं काम आहे, सगळी सिस्टिम आपोआप समजते आणि सगळ्या टीमशी ओळखही होते.

बाकी ड्रिलमध्ये निघणाऱ्या गोष्टी भलत्याच बारीक असतात. लिनक्सच्या एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती फाइल) डिस्कचं नाव थेट लिहिलेलं असेल तर क्लाउडमध्ये ते बदलतं आणि सर्व्हर बूटलाच अडकतो, तिथे यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळख नंबर) पाहिजे. विंडोजमध्ये डेटा डिस्क ऑफलाइन येते किंवा ड्राइव्ह लेटर सरकतं, सॅन पॉलिसी (नवी डिस्क आपोआप चालू करायची की नाही ती सेटिंग) आधीच ऑनलाइन-ऑल करून ठेवा. लायसन्स यूएसबी डाँगलवर असेल तर तो डाँगल क्लाउडमध्ये कुठे लावणार? आणि दोन सर्व्हर मस्त उठले म्हणून खूश होऊ नका, चाळीस एकदम उठवायला गेलं की त्या रीजनचा (क्लाउडच्या त्या भागातला) व्हीसीपीयू कोटा (वापरता येणाऱ्या प्रोसेसरची मर्यादा) संपतो आणि वाढवून मिळायला वेळ लागू शकतो.

एक प्रश्न मात्र प्रत्येक ड्रिलमध्ये विचाराच: ऑन-प्रेम पूर्ण बंद असताना आपण क्लाउडच्या पोर्टलमध्ये शिरणार कसे? लॉगिन ऑन-प्रेमच्या एडीएफएसवरून (ऑफिसच्याच आयडीने क्लाउडमध्ये शिरू देणारा सर्व्हर) होत असेल तर तोच बंद आहे, रनबुक फाइल सर्व्हरवर आहे, तोही बंद. त्यासाठी एडीएफएसवर अवलंबून नसलेलं वेगळं इमर्जन्सी अकाउंट आणि रनबुकची बाहेर ठेवलेली कॉपी लागते. आरटीओचं घड्याळ चालू असताना अर्धा वेळ तर फेलओव्हर (काम क्लाउडवर हलवणं) करायचा की नाही हे ठरवण्यातच जातो, तो निर्णय कोण घेणार त्याचं नाव रनबुकच्या पहिल्याच पानावर पाहिजे, आणि तो माणूस रजेवर असेल तर दुसऱ्याचं.

रेप्लिकेशन आहे म्हणून बॅकअप बंद करू नका, रॅन्समवेअरने लॉक केलेल्या फाइलीपण तितक्याच इमानदारीने पलीकडे जातात. जुन्या रिकव्हरी पॉइंटवर जाता येतं, पण ते ठरावीक काळापुरतेच राहतात. आणि बॅकअप आहे म्हणूनही निवांत राहू नका. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅबवाल्यांकडून (कोड ठेवायची साइट) प्रोडक्शन डेटाबेसचा डेटा डिलीट झाला तेव्हा बॅकअपच्या इतक्या पद्धती असून एकही धड कामाला आली नाही, शेवटी साधारण सहा तास जुन्या स्नॅपशॉटवर (त्या क्षणीची कॉपी) भागवावं लागलं. त्यांनी सगळं उघडपणे लिहिलंय, मिळवून वाचा.

फेलबॅकची (काम क्लाउडवरून परत ऑफिसात आणायची) ड्रिल फारसं कोणी करत नाही. क्लाउडवर चार दिवस काम झालं की तो बदललेला डेटा परत आणायचा, त्याला उलटं रेप्लिकेशन, परत डाउनटाइम आणि डेटा बाहेर काढायचं बिल. निदान एका कमी महत्त्वाच्या सर्व्हरवर तरी करून बघा.

हात बसवायचा असेल तर एक विंडोज, एक लिनक्स आणि एक छोटा डीसी एवढ्या लॅबवर सुरू करा. अझूर साइट रिकव्हरीत प्रत्येक मशीनचे पहिले ३१ दिवस फी नाही, पण स्टोरेज आणि टेस्ट मशीनचं बिल लागतंच. त्यामुळे टेस्ट झाली की निष्कर्ष लिहा आणि लगेच क्लीनअप टेस्ट फेलओव्हर दाबा, नाहीतर ती मशीनं वीकेंडभर चालू राहतात.