भिजलेले ट्रेकिंगचे बूट रविवार सकाळपर्यंत वाळवायचे कसे?

पावसाळ्यात शनिवारी राजगड, रात्री बालगंधर्वला नाटक आणि रविवारी सकाळी कार्ला-भाजे लेणी असा बेत असला, की अडतं ते ओल्या बुटांवर. नुसते पंख्याखाली ठेवले तर चवड्याकडचा भाग सकाळीही गारढोणच लागतो.

१. घरी आल्याआल्या चिखल नळाखाली धुऊन टाका. वाळलेल्या चिखलाचा थर कापडातली ओल बाहेर पडू देत नाही.

२. नाड्या पार सैल करा, जीभ पुढे ओढा. आतला सोल काढून भिंतीला वेगळा टेकवा. सगळ्यात जास्त पाणी त्यातच मुरलेलं असतं, आणि नेमकं हेच करायचं राहून जातं.

३. वर्तमानपत्राचे सैल बोळे करा, एका बुटाला चार-पाच पानं. आधी चवड्यात सारा, मग टाचेकडे. गुळगुळीत रंगीत पुरवणी नको, ती पाणी शोषत नाही.

४. तासाभरात बोळे लिबलिबीत होतात. नाटकाला निघताना ते बदला, परत आल्यावर पुन्हा एकदा. ओला कागद रात्रभर आत राहिला तर बूट ओलेच राहतात आणि वर कुबट वास धरतात.

५. झोपताना बूट टाचा वर करून, तिरके, पंख्यासमोर ठेवा.

गॅसजवळ किंवा हीटरपुढे मात्र बूट अजिबात ठेवू नका. उष्णतेने गोंद सुटतो आणि तळ उकलतो, तोही बहुधा ऐन उतारावर.