आकाशगंगेच्या गाभ्याचा नकाशा काढताना या चुका टाळा

ताऱ्यांच्या अंतरांवरून काढलेल्या नकाशात सूर्याकडे रोखलेले लांबट पट्टे दिसू लागले, तर नवी रचना सापडली असे न मानता अंतरे चुकली असे समजावे. ताऱ्याची दिशा अचूक मोजता येते, अंतर तितके अचूक येत नाही. त्यामुळे त्रुटी दृष्टिरेषेवरच पसरते. याच कारणाने मध्यवर्ती दांडाही (केंद्रातून आरपार जाणारा ताऱ्यांचा लांबट समूह) आपल्याकडे अधिक वळलेला भासतो, प्रत्यक्षात मात्र तो सूर्य आणि केंद्र यांना जोडणाऱ्या रेषेशी सुमारे 25 ते 30 अंशांचा कोन करतो.

या गोंधळाचे मूळ बहुधा पराशयाचा (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या जागेत दिसणाऱ्या सूक्ष्म सरकण्याचा) व्यस्त घेऊन थेट अंतर काढण्यात असते. केंद्र सुमारे 26,000 प्रकाशवर्षे दूर असल्याने तेथील ताऱ्याचा पराशय जेमतेम 0.12 मिलिआर्कसेकंद (अंशाच्या 3,600व्या भागाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिआर्कसेकंद) भरतो, आणि ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाइया यानाच्या तिसऱ्या माहितीसंचात क्वेसारांवरून (पराशय शून्यच यायला हवा इतक्या दूरच्या तेजस्वी दीर्घिका-केंद्रांवरून) आढळलेली सरासरी शून्य-त्रुटीच, म्हणजे सर्व मोजमापांतील कायमचा फरकच, उणे 0.017 मिलिआर्कसेकंद आहे. ती दुरुस्त न केल्यास एवढ्यानेच तो तारा सुमारे चार हजार प्रकाशवर्षे मागे ढकलला जातो. ऋण पराशयाचे तारे निरर्थक म्हणून गाळणे तर त्याहून वाईट, कारण उरलेला संच खोटाच जवळचा दिसतो. पराशयाला तेजस्विता आणि रंग यांची जोड देऊन संभाव्यतेने अंतर ठरवावे.

तारे सूर्याभोवतीच दाटलेले दिसत असतील, तर दोष ताऱ्यांदरम्यानच्या धुळीचा असतो. खगोलशास्त्रज्ञ कॅप्टाइन यांनी 1922 मध्ये सूर्याला केंद्राजवळ बसवले ते यामुळेच. धूळ प्रकाश शोषते हे खगोलशास्त्रज्ञ ट्रम्पलर यांनी 1930 मध्ये दाखवून दिले. केंद्राच्या दिशेने दृश्य प्रकाश सुमारे 30 प्रतींनी (प्रत हे ताऱ्यांचे तेज मोजण्याचे माप) मंदावतो, म्हणजे एक लाख कोटी प्रकाशकणांतील एखादाच पोहोचतो, तर अवरक्तात ही घट दोन-तीन प्रतींवर येते. म्हणून चिलीतील व्हिस्टा दुर्बिणीच्या अवरक्त सर्वेक्षणासारखी माहिती वापरावी. मात्र केंद्राभोवतीच्या ताऱ्यांच्या संपूर्ण फुगवट्याला धुळीची एकच दुरुस्ती लावू नये, कारण ती थोड्या अंतरावरही बदलते.

ताऱ्यांची जातही पाहावी. धातुसमृद्ध (खगोलशास्त्रात हेलियमहून जड मूलद्रव्यांना धातू म्हणतात) रेड क्लम्प तारे, म्हणजे साधारण एकसारख्या तेजाचे लाल राक्षसी तारे, दांडा ठळक दाखवतात, तर जुने, धातुदरिद्री आर आर लायरी तारे, म्हणजे ठरावीक काळाने तेज बदलणारे तारे, तो बराच फिका दाखवतात. दोन्ही एकत्र ओतले की कोणत्याच गटाचा खरा आकार हाती लागत नाही.

तरीही शंका उरली, तर दांडाच नसलेली कृत्रिम आकाशगंगा संगणकावर रचून तिच्यावर तीच धूळ आणि त्याच त्रुटी लादाव्यात. तिथेही दांडा उमटला, तर तो आपल्या पद्धतीचा आहे.