जुनी ध्वनिमुद्रिका ऐकून दोनशे शब्द कसे लिहावेत

सुरुवातीला मिनिटाला ७८ फेऱ्यांची एखादी जुनी तबकडी इंटरनेटवर शोधा. १० इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावायची आणि नवशिक्याला तेवढीच पेलतात. एकदा वही मिटून ऐका, दुसऱ्यांदा मिनिट-सेकंद टिपत. ठाणे-वाशी लोकलमध्ये मात्र नको. ऐरोलीच्या गर्दीत तानपुरा हरवतो.

आता खरी मेख. इंटरनेटवर गाण्याला दिलेल्या शीर्षकावर विसंबू नका. जुनी गाणी चढवणारी माणसं प्रेमळ असतात, काटेकोर असतीलच असं नाही. आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात मी एका बंदिशीचं संध्याकाळचा राग 'भूप' म्हणून कौतुक केलं. दिवेलागण, ठाण्याच्या मासुंदा तलावातले दिवे, सगळं ओतलं. अंक वाटला त्याच दुपारी नौपाड्यातल्या एका निवृत्त गायनशिक्षिकांचा फोन : "अहो, तो सकाळचा देशकार आहे!" दोन्ही रागांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. पण भूप गंधाराभोवती (ग), पूर्वांगात म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो. देशकार धैवतावर (ध), उत्तरांगात म्हणजे वरच्या अर्ध्यात. मी स्वर मोजले होते, मुक्काम नाही.

तेव्हापासून आवाज कुठे कुठे विसावतो ते आधी लिहितो, नाव नंतर वाचतो. लेबलाचा फोटो मिळाला तर त्यावरचं नाव आणि क्रमांक जुळवून बघा. शेवटही नीट ऐका. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायलेल्या गायिका गौहर जान शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगत, कारण तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळायला हवं. शेवटचे पाच सेकंद कापून चढवणाऱ्यांना मी माफ करत नाही.

पट्टीही पाहा, म्हणजे पेटीवरच्या कोणत्या पट्टीला सा धरलाय ते. वेग ६ टक्क्यांनी वाढला की काळी एकची पांढरी दोन होते. मग आवाजाच्या धारेचं कौतुक कराल ते यंत्राचं असेल.

लिहिणं त्यामानाने सोपं. 'मंत्रमुग्ध', 'स्वर्गीय' खोडा आणि तान कितव्या सेकंदाला, कोणत्या स्वरावर सोडली ते लिहा. पडताळता आलं नाही ते 'लेबलनुसार' म्हणून द्या.

छापायला देण्याआधी एखाद्या जाणकाराला ऐकवा. मी त्याच बाईंना फोनवर वाजवून दाखवतो. रागाचं नाव मात्र आधी सांगत नाही.