माउंटन बाइक आपल्या अंगाला बसवताना

माझं वजन 52 किलो, उंची पाच फूट दोन इंच. नवी कोरी माउंटन बाइक दुकानातून बाहेर येते तेव्हा ती बहुतेक वेळा माझ्याहून वीस-पंचवीस किलो जड माणसासाठी लावलेली असते. हँडल रुंद, ब्रेकचे लिव्हर लांब, सस्पेन्शन कडक, टायर टणक फुगवलेले. हलक्या अंगाची माणसं, म्हणजे बऱ्याच बायका आणि वयात येणारी मुलं, अशा बाइकवर उतारावर बिचकतात आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ असं ठरवून मोकळी होतात. नवीन पार्ट विकत घ्यायच्या आधी एक दुपार काढा. 2 ते 6 मिलिमीटरच्या अ‍ॅलन की, शॉक पंप (सस्पेन्शनमध्ये हवा भरायचा), डिजिटल प्रेशर गेज आणि मोजपट्टी एवढ्यावर काम होतं.

पहिली हवा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण फुकटात एवढा फरक दुसरं काहीच पाडत नाही. 29 इंची चाकं, 2.4 इंच रुंद ट्यूबलेस टायर, यात मी पुढे 17 आणि मागे 19 पीएसआय ठेवते. ऐंशी किलोचा माणूस याच टायरमध्ये साधारण 22 ते 26 ठेवेल. त्याचा आकडा मी घेतला तर ओल्या मुळांवर माझं चाक उड्या मारत घसरतं. तुम्ही 22 वरून सुरू करा, मुळं, दगड आणि एखादं वळण असलेला छोटा तुकडा निवडा आणि दर फेरीला एकेक पीएसआय उतरवत तोच तुकडा परत चालवा. वळणात टायर कुशीवर लोळल्यासारखा वाटला किंवा रिम दगडावर ठणकन आपटली, की एक-दोन पीएसआय वर या. तिथेच थांबा. फूटपंपावरच्या काट्यावर विसंबू नका. 160 पर्यंतच्या मोजणीत 17 आणि 20 मधला फरक कसा दिसणार? आत ट्यूब असेल तर मात्र एवढं खाली जाऊ नये. रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटली की शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं द्रव, काही महिन्यांत वाळतं, तेव्हा अधूनमधून व्हॉल्व्ह काढून आत काही शिल्लक आहे का ते बघा.

आता हात. ब्रेक एका बोटाने दाबायचा, तर्जनीने. बाकीची बोटं हँडल धरायला. लिव्हरच्या टोकाशी किंचित वळण असतं, बोट तिथे पडलं पाहिजे, कारण तिथे कमी जोर लागतो. त्यासाठी ब्रेकचा क्लॅम्प सैल करून आत सरकवा. ग्रिप आणि क्लॅम्पमध्ये दोन-तीन सेंटिमीटर जागा दिसली तर दचकू नका, तसंच असतं. मग रीचचा स्क्रू फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणा. छोट्या पंजाच्या माणसाने हे केलं नाही, तर प्रत्येक ब्रेकला पंजा ताणावा लागतो आणि उताराच्या शेवटी बोटं बधिर होतात. जवळ आणल्यावर जोरात दाबून बघा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर ब्रेकमध्ये हवा आहे, ब्लीड करून घ्या. शिमानोचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, काही ब्रेक डॉट फ्लुइडवर; एकाचं दुसऱ्यात घातलं की सील फुगून खराब होतात.

हँडल हल्ली 780-800 मिलिमीटरचं येतं. पुश-अप्स काढायला हात जेवढे फाकवता, साधारण तेवढी रुंदी आपली. मी 740 वर आले. पण लगेच करवत घेऊ नका. आधी ग्रिप आणि लिव्हर दोन्ही बाजूंनी दहा मिलिमीटर आत घ्या, उघड्या टोकांना प्लग लावा, काही आठवडे सोप्या ट्रेलवर चालवा, मग कापा. कापलेलं हँडल परत वाढत नाही. कार्बनचं असेल तर कापायच्या जागी टेप गुंडाळून बारीक दातांच्या पात्याने कापा, आणि कंपनीने दिलेल्या किमान रुंदीच्या खाली जाऊ नका.

सस्पेन्शनला लोक उगाच घाबरतात. नेहमीचे कपडे, हेल्मेट, पाण्याची पिशवी, सगळं अंगावर घ्या, कोणाला तरी बाइक धरायला सांगा आणि पेडलवर उतरताना उभे राहता तसे उभे राहा. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, पायावरची रबरी रिंग खाली सीलला टेकवा, हळूच उतरा, रिंग सीलपासून किती वर गेली ते मोजा. वजनाने एवढं दबणं म्हणजे सॅग. 140 मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कला 20 टक्के म्हणजे 28 मिलिमीटर. मागच्या शॉकचा स्ट्रोक, म्हणजे तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर, 50 असेल तर 30 टक्के म्हणजे 15. हवा भरताना किंवा काढताना मधेमधे दहा-बारा वेळा दाबून घ्या, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत ती सारखी होते.

हलक्या माणसाची खरी गोची पुढे आहे. आपल्या शॉकमध्ये हवा कमी, म्हणून तो परत येण्याचा जोरही कमी. मग रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत येतो ते ठरवणारी कळ, जड माणसाइतका बंद ठेवला तर दगडांच्या ओळीवर फोर्क प्रत्येक धक्क्यानंतर पूर्ण वर यायच्या आत पुढचा धक्का खातो, आणि खाली खालीच बसत जातो. हाताला ते कडकपणासारखं लागतं, म्हणून माणूस आणखी हवा काढतो आणि काम बिघडतं. रिबाउंड एकेक क्लिक उघडत न्या. सॅग बरोबर असूनही सगळ्यात खडबडीत उतारावर शेवटचे वीसेक मिलिमीटर कधीच वापरले जात नसतील, तर आधी सगळी हवा सोडा, मग वरचं झाकण उघडून एक टोकन, म्हणजे आतली हवेची जागा कमी करणारा तुकडा, काढा. आणि फोर्कचं तेल बदलायला आळस नको. सीलचं घर्षण सगळ्यांना तेवढंच असतं, पण आपल्या वजनाला ते जास्त जाणवतं. रॉकशॉक्स फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस 50 तासांनी सांगतं. मला ते वाजवी वाटतं.

सीटची उंची सोपी. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेलं की गुडघा सरळ व्हावा. मग चवड्याने चालवताना तो हवा तेवढा वाकतो. ही चढाची उंची. उतारावर ड्रॉपर (कळ दाबली की खाली-वर होणारा सीटचा दांडा) दाबून सीट पूर्ण खाली. ड्रॉपर नसेल तर खर्चाच्या यादीत तो पहिला, गिअर नंतर. गिअरमध्ये एकच बदल सुचवेन: पुढे 32 दातांऐवजी 30 किंवा 28.

आता चालवण्याबद्दल. माझी 14 किलोची बाइक माझ्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून जड आहे. 85 किलोच्या माणसाला तीच सहावा हिस्सा. म्हणून ‘बाइकचं वजन कशाला बघता’ हा सल्ला मी मनावर घेत नाही. आणि म्हणूनच नुसतं अंग झुकवून ती वळत नाही, तिला हाताने कलवावी लागते: आतला हात खाली ढकला, बाहेरचं कोपर वर, बाहेरचा पाय खाली. उतारावर सीटच्या मागे लोंबकळू नका. छोटे हात तिथे सरळ ताणले जातात, पुढचं चाक हलकं होतं आणि वळणात धरत नाही. छाती हँडलकडे आणि भार पायांवर ठेवा.

पुढचा ब्रेक दाबला की तोंडावर पडशील, असं लहानपणी सगळ्यांना ऐकवलेलं असतं. थांबताना वजन पुढे जातं, त्यामुळे थांबवायची बहुतेक ताकद पुढच्याच चाकात असते. सपाट जागी, टाचा खाली दाबून, फक्त पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत थांबायचा सराव करा. उतारावर ब्रेक चिकटवून ठेवू नका; वळणाआधी घट्ट धरा, वळणात सोडा. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत जी उतारावरची शर्यत सुरू झाली तिचं नाव रिपॅक, कारण तो उतार उतरेपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. डिस्कही तापतेच, आणि तापली की ताकद घटते.

पेडल? सपाट, खिळ्यांचे. बूट पेडलला अडकवणारी क्लिप लावल्याशिवाय वेग येत नाही म्हणणाऱ्यांना ऑस्ट्रेलियाचा रायडर सॅम हिल आठवावा: 2017, 2018, 2019 अशी सलग तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज ही माउंटन बाइक शर्यतींची मालिका त्याने सपाट पेडलवर जिंकली. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर बसेल असंच घ्या, आणि एकदा जोरात आपटलं की टाकून द्या. गुडघ्याचे पॅड पातळ घ्या; जाड पॅड गरम होतात म्हणून बॅगेतच राहतात.

सगळे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पहिल्या फेरीनंतर स्टेम (हँडल धरणारा तुकडा), क्रँक (पेडलचा दांडा) आणि ब्रेकचे बोल्ट तपासा. पिशवीत जास्त पाणी, अंगावर जाकीट असं काही वाढलं की सॅग परत मोजा. दोन-तीन किलोंचा फरक 52 किलोच्या माणसाला फोर्कमध्ये लगेच दिसतो.