शाबासकी देताना या चुका टाळा : जिनिंगच्या आवारातून

आमच्या वर्धा जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे कापूस निघाला की जिनिंग, म्हणजे रेचा नावाच्या यंत्रावर सरकीपासून रुई वेगळी करायचं काम, सुरू होतं, ते मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. तेवढ्या महिन्यांत रेच्यावरचे, रुई दाबून गाठी बांधणाऱ्या प्रेसवरचे, फिटर, काटावाला, हमाल आणि कचरा वेचणाऱ्या गावच्या बाया अशी शे-सव्वाशे माणसं आमच्या आवारात राबतात. मी तिथला व्यवस्थापक. चांगल्या कामाला शाबासकी द्यावी हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ती कशी देऊ नये, हे मात्र चुका करतच शिकलो.

चूक पहिली आणि सगळ्यात महागाची : केलं एकानं, शाबासकी दुसऱ्याला

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कापसाच्या ढिगावर वेचायला बसलेल्या एका काकूंना बोटाएवढा गंजका बोल्ट सापडला. ज्याला जिनिंग माहीत आहे त्याला यातली भीती वेगळी सांगायला नको. लोखंड रेच्यात गेलं, पात्यावर आपटलं, ठिणगी पडली की रुई पेटायला वेळ लागत नाही. काकूंनी बोल्ट पदरात बांधून ठेवला आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवला. कोणत्या ट्रॅक्टरचा माल होता, तेही सांगितलं.

मी शेटजींना फोन लावला. ते खूश झाले, म्हणाले मुकादमाला फोन द्या. मुकादमाच्या नजरेचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, त्याला शंभराची नोटही द्यायला सांगितली. मुकादम "हो जी, हो जी" म्हणत राहिला. काकू दारातच उभ्या होत्या. मी काही बोललो नाही. म्हटलं, उद्या सांगू.

तो उद्या काही आला नाही. पुढच्या पंधरा दिवसांत ढिगाच्या कडेला दोनदा लोखंडाचे तुकडे पडलेले दिसले. वेचून काढले होते, पण कोणत्या गाडीतून आले ते कोणीच सांगितलं नव्हतं. त्यामुळे गाडीवाल्याला जाब विचारता येईना. काकूंना विचारलं तर मान वर न करता म्हणाल्या, "पायनारे हायेत ना तुमच्याजवळ, तेज नजरेचे." काम त्यांनी सोडलं नव्हतं, फक्त सांगणं सोडलं होतं.

हे दुरुस्त करायला उशीर झाला तरी करावं लागतं. मी शेटजींना खरं सांगितलं. पुढच्या वेळी आवारात आले तेव्हा ते ढिगापर्यंत चालत गेले आणि काकूंना म्हणाले, "बाई, तो बोल्ट तुम्ही काढला होता, मला चुकीचं कळलं." झाली चूक चारचौघांत कबूल केली हे बायांच्या लक्षात राहिलं. मुकादमाला वाईट वाटलं असेल, पण शंभराची नोट आम्ही परत मागितली नाही.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी करतात. हळद-लोणी लावून खांदा शेकतात, मग म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." झूल, बाशिंग, बेगड हे सगळं दुसऱ्या दिवशी. आधी हात जातो तो जू बसतं त्या जागेवर. बैलाच्या बाबतीत एवढं कळणारे आपण माणसाच्या बाबतीत थेट झुलीवर येतो.

"सगळ्यांनी छान काम केलं"

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असा एक मेसेज आणि खाली अंगठा. आमच्या ग्रुपवर वेचणाऱ्या बायांपैकी एकही नव्हती, कारण मोबाइल पोराकडे नाहीतर नवऱ्याकडे. म्हणजे ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनी वाचलंच नाही. आणि जे ग्रुपवर होते, त्यांना माहीत होतं की परवा निम्मे लोक झोपले होते. "काल रात्री तिसऱ्या रेच्याचा रोलर तापत होता, तो तू वेळेवर थांबवलास" असं नाव आणि काम घेऊन तोंडावर सांगा. अर्धा मिनिट लागतो.

पैशाच्या जागी शाल-श्रीफळ

एका हंगामात ओव्हरटाइमचा हिशेब लांबला. आम्ही २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर दहा जणांना शाल आणि नारळ दिला. एक हमाल नारळ हलवून पाहत शेजाऱ्याला म्हणाला, "यात पाणी हाय, पैसे नाय." सगळे हसले, मीही हसलो, पण त्या दिवशी गाड्या भरायला नेहमीपेक्षा दोन तास जास्त लागले.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९५९ सालचा अभ्यास व्यवस्थापनाच्या वर्गात हमखास शिकवतात. माणसाला कामात समाधान देणाऱ्या गोष्टींमध्ये यश आणि कौतुक वरच्या क्रमांकावर आले, तर पगाराची गणना मुख्यतः नसला की असमाधान करणाऱ्या गोष्टींत झाली. हे ऐकून काही मालक खूश होतात. पण हर्झबर्ग यांनी विचारलं होतं पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना. बाजाराच्या दिवशी तेल-मीठ घ्यायचं आहे आणि मजुरीचा चुकारा झालेला नाही, अशा माणसाला नव्हे. कायद्याचंही लक्षात ठेवा : वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस हा हक्क आहे. तो देताना "तुमच्या कामावर खूश होऊन" असं म्हणू नका. लोकांना कळतं.

चारचौघांतलं कौतुक सगळ्यांना मानवत नाही

गावात कामावरचं बोलणं कामावर राहत नाही. एका तरुण बाईचं मी सगळ्यांसमोर दोन-तीनदा नाव घेतलं. आठवड्याभरात तिला "साहेबाची लाडकी" म्हणायला लागले. घरी सासूच्या कानावर गेलं आणि चार दिवस ती आलीच नाही. माझा हेतू स्वच्छ होता, पण निस्तरावं तिला लागलं. तेव्हापासून बायांच्या कामाची दखल त्यांच्यातल्या जुन्या, वयानं मोठ्या बाईमार्फत आणि सगळ्यांच्या वाटणीचं काम मिळून सांगतो. पुरुषांतही काही जण असतात, स्टेजवर बोलावलं की मागच्या दारानं निघून जाणारे. आमचा फिटर तसाच. त्याला मी नवीन पान्यांचा संच आणून दिला आणि म्हटलं, दुरुस्तीचं कोणतं सामान घ्यायचं ते यापुढे तूच ठरव. तो काही बोलला नाही, पण संच घरी नेत नाही, कपाटाला कुलूप लावून ठेवतो.

बक्षीस कशाला लावलं, ते तपासा

ज्या पाळीत जास्त गाठी निघतील तिला बक्षीस, असं एकदा जाहीर केलं. गाठ साधारण १७० किलोची. गाठी वाढल्या, मी खूश. मग घेणाऱ्याकडून तक्रार आली की गाठी आतून ओल्या आहेत. रुईवर पाणी जास्त मारलं की वजन लवकर भरतं, हे प्रेसवरच्यांना माझ्याआधी माहीत होतं. रेचे झाडायला थांबवणंही कमी झालं होतं. त्यांना दोष कसा देणार? मी जे मोजलं ते त्यांनी वाढवून दिलं. महिन्याचा उत्कृष्ट कामगार हा बोर्डही याच कारणानं मी काढून टाकला. तिसऱ्या महिन्यापासून लोक "आता कोणाचा नंबर?" असं विचारत होते.

सगळं करूनही फरक पडत नसेल तर

आधी पिण्याचं पाणी, बायांसाठी संडास आणि चुकाऱ्याचा दिवस पाहा. धूळ नाकातोंडात जात असताना फडकी वेळेवर मिळत नसतील, तर शाबासकी चिडवल्यासारखी लागते. मग स्वतःच्या वाक्यातला "पण" शोधा. "काम चांगलं केलं, पण कालचं काय?" यातलं फक्त कालचं ऐकू जातं. कालचं उद्या बोला, वेगळं बोला. आणि उशीर करू नका. १ मेला सत्कार ठेवला तेव्हा आवारात चौकीदार, दोन कुत्री आणि आम्ही होतो. हंगाम संपला होता, हमाल आपापल्या गावी गेले होते.

सध्या मी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर रोज एक-दोन ओळी लिहितो, कोणी काय केलं ते. बाजाराच्या आदल्या दिवशी चुकारा देताना ते पान उघडं असतं. पैसे मोजून देतो आणि ती ओळ वाचून दाखवतो. गेल्या हंगामात काकूंची ओळ राहिली होती. पैसे कनवटीला लावून त्या जागच्या हलेनात.

"पैसे बरोबर आहेत ना, काकू?"

"पैसे बराबर हायेत जी. वही पाहा ना जराशी."