ब्रॅड नेलर बदलताय? या चुका टाळा

ब्रॅड नेलर म्हणजे लाकडात बारीक खिळे (ब्रॅड) मारणारी, बहुधा हवेच्या दाबावर चालणारी गन. तिचा खिळा पुरता आत जात नाही, दोन-तीन मिलिमीटर वर राहतो. एवढ्यावरून गन मोडीत काढली जाते आणि नवी आणल्यावर तिलाही तोच आजार जडतो. बहुतेक वेळा दोष गनमध्ये नसतो, हवेत किंवा खिळ्याच्या निवडीत असतो. म्हणून खरेदीआधी जुन्या गनची तपासणी करा.

न तपासता गन बाद करणे

काँप्रेसरच्या गेजवर ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दिसतात, म्हणजे गनला ९० मिळतातच असं नाही. गनपाशी गेज लावा आणि त्याकडे डोळा ठेवून सलग दहा-बारा खिळे मारा. काटा ६० च्या खाली उतरत असेल तर रेग्युलेटर, बारीक बोअरचा लांब पाइप किंवा अर्धवट बसलेला कपलर (पाइपचा जोड) बघा.

मग कान द्या. गन नुसती जोडून ठेवली तरी वरच्या एक्झॉस्टमधून हवा सुटत असेल तर हेड व्हॉल्व्हची ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) गेली आहे. ट्रिगरपाशी फुसफुस असेल तर ट्रिगर व्हॉल्व्ह. खिळा मारतानाच जोर कमी पडतोय आणि खिळ्याला ठोकणारा पोलादी पट्टा मागे सावकाश येतोय, तर पिस्टनची ओ-रिंग किंवा खालचा रबरी बंपर. पाइप काढून, मॅगझिन (खिळ्यांचा कप्पा) रिकामं करून, डोक्यावरचे अ‍ॅलन बोल्ट सोडवले की यातलं बरंचसं हाताशी येतं. बंपर लवकर जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रिकामी गन चालवणे: खिळ्याने शोषायचा दणका सगळा रबरावर बसतो.

हा पोलादी पट्टा मात्र नीट पाहा. त्याचं टोक चौकोनी, धारदार कडांचं हवं. कडा गोल झाल्या की तो खिळ्याच्या डोक्यावरून घसरतो, खिळा वाकतो, कधी दोन एकदम अडकतात. पट्टा झिजला, गनच्या नाकाची (जिथून खिळा सुटतो त्या टोकाची) खाचही रुंदावली आणि सुटा भाग मिळत नाही, अशी तिन्ही कारणं जमली की गन खुशाल बदला.

तेलाचंही बघून घ्या. रोज काम सुरू करताना एअर टूल ऑइलचे दोन-चार थेंब एअर इनलेटमध्ये टाकावेत. गंज सोडवायचा स्प्रे मारणं म्हणजे ओ-रिंग फुगवून ठेवणं. ‘ऑइल-फ्री’ लिहिलेल्या गनला तेल अजिबात नको. आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, काँप्रेसरच्या टाकीचं पाणी रोज काढा. नाहीतर ते पाइपातून थेट गनमध्ये जातं.

लांबीवरून गन निवडणे

५० मिमीपर्यंतची गन घेतली की सगळी कामं होतील, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण १८ गेजचा (इथे गेज म्हणजे खिळ्याच्या जाडीचं माप) खिळा जेमतेम १.२५ × १ मिमी जाडीचा असतो. सागात ५० मिमीचा खिळा गाठ लागली की वळतो आणि बाजूने बाहेर डोकावतो. शिसव-बाभळीची तर बातच नको.

खिळ्याची लांबी साधारण पट्टीच्या जाडीच्या अडीच ते तीन पट धरा आणि मागे किती लाकूड आहे तेही मोजा. ६ मिमीच्या लिपिंगला (प्लायच्या कडेवरच्या पट्टीला) २० मिमी भरपूर. १२ मिमीची मोल्डिंग १८ मिमी प्लायच्या पृष्ठावर बसवताना ३० मिमीचा खिळा पार दुसऱ्या बाजूच्या मायक्याला भिडतो. तिथे २५ मिमी घ्या. फर्निचर-बीडिंगच्या कामाला आपल्याकडची हलकी एफ-३० गन (१० ते ३० मिमी) पुरते. दाराच्या चौकटीवरची जाड पट्टी नियमित करत असाल तरच एफ-५० (५० मिमीपर्यंतची) घ्या.

स्टेपल आणि ब्रॅड दोन्ही मारणारी ‘टू इन वन’ गन फिनिशिंगला घेऊ नका. तिचा पट्टा स्टेपलच्या रुंदीचा असतो, त्यामुळे छोट्या खिळ्यासाठीही पट्टीवर लांबट खाच उमटते. त्या खाचेत भरलेली पुट्टी पॉलिशखाली लपत नाही.

स्वस्त एफ-३० गनमध्ये बऱ्याचदा नाकावर सेफ्टी नसते, ट्रिगर दाबला की खिळा सुटतो. खिळा किती खोल जावा हे ठरवणारं खोलीचं चाकही नसतं. खोली फक्त हवेच्या दाबाने जमवावी लागते. त्याच लाकडाच्या तुकड्यावर ६० पीएसआयपासून सुरू करून पाच-पाचने वाढवा आणि डोकं एक मिलिमीटर आत गेलं की थांबा. थोडे जास्त पैसे टाकून सेफ्टी नाक, खोलीचं चाक आणि रबरी टोपी असलेली गन घेतली तर सागाच्या पृष्ठावर नाकाचे डाग पडत नाहीत. आमच्या मते यात चाक सर्वांत मोलाचं.

परदेशी गन आणि आपले खिळे

अमेरिकेहून कुणी गन आणणार असेल तर आधी दोन गोष्टी विचारा. इनलेटला तिथले एनपीटी (अमेरिकी पाइप-मापाचे) आटे असतात. पाव इंची एनपीटीला इंचाला १८ आटे, आपल्या बीएसपीला (आपल्याकडे चालणारं ब्रिटिश माप) १९. सुरुवातीचे दोन-तीन आटे बसल्यासारखे वाटतात, मग टेफ्लॉन कितीही गुंडाळा, गळती राहते किंवा आटे उखडतात, अ‍ॅडॉप्टर लागतोच. दुसरं, तिथले सव्वा इंची खिळे म्हणजे ३२ मिमी. ते आपल्या ३० मिमीच्या मॅगझिनमध्ये शिरत नाहीत. बॅटरीची गन असेल तर चार्जर १२० व्होल्टचाच आहे का, तेही बघा.

बॅटरी की हवा?

काँप्रेसर नसेल आणि गिऱ्हाइकाच्या घरी चार पट्ट्या लावायच्या असतील तर बॅटरीची गन सोयीची. पण ती हवेच्या गनपेक्षा बरीच जड असते, छताच्या कॉर्निसला हात भरून येतो. वायरवाल्या स्वस्त इलेक्ट्रिक टॅकरच्या भरवशावर सागाचं काम घेऊ नका, पाइन-प्लायपुरतं ठीक.

नवी गन, तरी पट्टी फुटते

खिळ्याचं टोक छिन्नीसारखं असतं. ती धार लाकडाच्या रेषांना आडवी आली तर तंतू कापत आत जाते. रेषांच्या दिशेने आली तर पाचर होऊन पट्टी फाडते. खिळा वळलाच तर त्या धारेच्या सपाट बाजूकडे वळतो. खिळ्यांची पट्टी हातात घेऊन टोक बघा, त्याप्रमाणे गन फिरवून धरा, आणि पट्टी दाबणारा हात खिळ्याच्या लांबीपेक्षा दूर ठेवा. एमडीएफच्या कडेत खिळा मारला की पृष्ठ फुगतं. तिथे डिंक आणि क्लॅम्पच बरे.

विटांच्या भिंतीवर स्कर्टिंग थेट ब्रॅडने धरत नाही. आधी गिट्टी-स्क्रूने (भिंतीत प्लग बसवून त्यात स्क्रू) लाकडी पट्टी बसवा, मग त्यावर मारा. समुद्रालगतच्या घरात साधे खिळे गंजून पुट्टीतून तपकिरी ठिपके वर येतात. तिथे स्टेनलेसचे घ्या.